फिरत्या पात्यांच्या गांवीं

चिरंजिवांच्या आग्रहावरून गेल्या वर्षीं आम्हां उभयतांस अमेरिकेंत पांच महिने राहण्याचा योग आला. नायगाराचा धबधबा आणि न्यूयॉर्कचे गगनचुंबी मनोरे यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. त्यांत माझी भर नको. मी सांगणार आहें तें पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील वेस्ट चेस्टर नांवाच्या एका लहानशा गांवाविषयीं, आणि तेथें जाण्यास मला जें कारण घडलें त्याविषयीं.

फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस सुमारें पंचवीस मैलांवर हें गांव आहे. लाल विटांचीं जुनीं घरें, रुंद पायवाटा, मधोमध चेस्टर परगण्याची कचेरी. थोड्या अंतरावरून ब्रँडीवाइन नांवाची नदी वाहते. वाईच्या घाटावर वाढलेल्या माझ्यासारख्यास ती ओढाच वाटली. तिच्याच कांठीं चॅड्स फोर्ड येथें ता. ११ सप्टेंबर १७७७ रोजीं जनरल हौ याच्या इंग्रज फौजेनें वॉशिंग्टनचा पराभव केला. पराभवाची ती जागाही या लोकांनीं निगुतीनें राखून ठेविली आहे. आपल्याकडे विजयाच्या जागांचीही काय दशा असते, तें मी येथें लिहीत नाहीं. असो.

गांवाबाहेर एक छोटा विमानतळ आहे व त्याच्या कडेस १९९६ सालीं उघडलेलें ‘अमेरिकन हेलिकॉप्टर म्यूझियम’ आहे. संस्कृतच्या मास्तराचें तेथें काय काम, असें कोणीही विचारील. तें काम असें निघालें.

आमची नात अठरा वर्षांची आहे. ती विश्वविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकते, आणि लहान मुलांस गणित शिकवून मिळविलेल्या पैशांत सुटीच्या दिवशीं हेलिकॉप्टर चालविण्याचे धडे घेते. एका शनिवारीं दुपारीं ती घरीं आली ती कोणाशीं न बोलतां जिना चढून वर गेली. रात्रीं जेवतांना हकीकत बाहेर पडली. किंचित् उतरत्या गवताळ जागेवर ती यंत्र उतरवीत होती. यंत्राच्या खालीं चाकांऐवजीं दोन लांब नळ्या असतात; त्यांपैकीं उजवी आधीं टेकली, आणि अंमळ जोरानें टेकली. यंत्र एका अंगास कललें, मग दुसऱ्या अंगास. तिला वाटलें, आतां स्थिर होईल. परंतु प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होऊं लागला, आणि दोनतीन सेकंदांत, मारका बैल दावें तोडूं पाहतो तसें तें यंत्र जागच्या जागीं गोल हिसके देऊं लागलें. शेजारीं बसलेल्या शिक्षकानें डाव्या हाताचा दांडा वर खेंचला. यंत्र हातभर उचललें गेलें आणि हिसके तत्क्षणीं थांबले. हें शेवटचें वाक्य तिनें दोनदां सांगितलें.

“आतां पुरे,” चिरंजीव म्हणाले, “सोमवारीं त्यांना कळवून टाक.” सूनबाई गप्प. आमची सौभाग्यवती मात्र म्हणाली, “अरे, तूं कृष्णेच्या डोहांत पोहायला शिकलास तेव्हां मला कोणीं विचारलें होतें?” चिरंजिवांनीं माझ्याकडे पाहिलें. “नाना, तुम्हीच सांगा तिला. तुमचें ती ऐकेल.” नात म्हणाली, “आजोबा, आधीं पाहा आणि मग सांगा.”

छत्तीस वर्षांच्या शिक्षकीत एक नियम मीं पाळला होता. जो धडा आपण स्वतः वाचला नाहीं, त्यावरून मुलांस रागें भरावयाचें नाहीं. दुसऱ्याच दिवशीं नातीनें मला मोटारींत घालून वेस्ट चेस्टरला नेलें.

म्यूझियम म्हणजे एक मोठी कोठी. आंत लहानमोठीं हेलिकॉप्टरें दाटीवाटीनें उभीं आहेत, आणि कांहींच्या आंत शिरून मुलांस बसतांही येतें. अशाच एकांत बसून एक चार वर्षांचा गृहस्थ तोंडानें आवाज काढीत विमान चालवीत होता. दाखविणारे बहुतेक निवृत्त लोक, पगार न घेतां येणारे. आम्हांस भेटले ते माझ्याहून दहाएक वर्षांनीं वडील. उभा जन्म त्यांनीं जवळच्याच रिडली पार्क येथील कारखान्यांत घालविला होता. चिनूक नांवाचें दोन चक्रांचें अवाढव्य हेलिकॉप्टर तेथेंच तयार होतें. आपल्या वायुदलांत २०१९ सालीं चंदीगड येथें जें दाखल झालें तें हेंच.

नातीनें त्यांस मी संस्कृतचा शिक्षक असल्याचें सांगितलें. मला वाटलें, आतां पुष्पक विमानावर प्रश्न येणार; तो आला नाहीं, आणि मींही तो विषय काढला नाहीं. म्हाताऱ्यानें विचारलें तें वेगळेंच. “मुलीला जें झालें त्याला आम्ही ग्राउंड रेझोनन्स म्हणतों. तुमच्या भाषेंत त्याला शब्द आहे काय?” आमच्या शालेय पुस्तकांत ‘अनुनाद’ असा शब्द होता, पण त्यांत ‘नाद’ आहे, आणि येथें नादाचा कांहीं संबंध नाहीं. ‘संस्पंदन’ म्हणजे बरोबरीनें थरथरणें, हा शब्द मला अधिक योग्य वाटतो. तेव्हां जमिनीवरील संस्पंदन म्हणूं. म्हाताऱ्यानें तो शब्द तीनदां घोटून पाहिला आणि सोडून दिला.

हें संस्पंदन कसें उपजलें तें कळण्यास थोडे मागें जावें लागतें, आणि तो इतिहास बराचसा याच मुलुखांत घडलेला आहे. हुआन दे ला सिएर्व्हा नांवाचा स्पेनमधील एक तरुण इंजिनियर विमानाच्या माथ्यावर वाऱ्यानें आपोआप फिरणारें चक्र बसविण्याच्या खटपटींत होता. त्या यंत्रास ऑटोगायरो म्हणत. त्याचीं पहिलीं यंत्रें एका अंगावर लवंडत. कारण पुढें जाणाऱ्या पात्यास वारा अधिक मिळून तें अधिक उचललें जाई, आणि मागें येणारें पातें कमी. सिएर्व्हानें पात्यांच्या मुळाशीं बिजागऱ्या घातल्या, म्हणजे प्रत्येक पातें आपापल्यापरी वरखालीं हालावें. जानेवारी १९२३ मध्यें माद्रिदजवळ त्याचें यंत्र उडालें. परंतु वरखालीं हालणारें पातें मागेंपुढेंही ओढ घेतें व मुळाशीं ताण पडतो. १९२७ सालीं इंग्लंडांत एका ऑटोगायरोचें पातें असेंच तुटलें. तेव्हां सिएर्व्हानें दुसरी बिजागरी दिली. आतां पात्याला फिरतां फिरतां आपल्या जागेच्या किंचित् मागें राहण्याची किंवा पुढें सरण्याची मोकळीक मिळाली. ताण गेला. ज्या दोषानें आमच्या नातीस घाबरविलें, तो याच मोकळिकीच्या पोटीं जन्मला. सिएर्व्हा स्वतः डिसेंबर १९३६ मध्यें लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर प्रवासी विमानाच्या अपघातांत गेला; तें विमान साध्या पंखांचें होतें.

फिलाडेल्फियाच्या पिटकेर्न नांवाच्या धनिकानें या यंत्राचे अमेरिकेंतील हक्क घेतले. १९३१ च्या एप्रिलांत त्याचें एक ऑटोगायरो अध्यक्षांच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर उतरलें. १९३९ सालीं तर फिलाडेल्फियाच्या मोठ्या टपाल कचेरीच्या गच्चीवरून ऑटोगायरोनें टपालाच्या थैल्या नदीपलीकडील कॅम्डनच्या विमानतळावर नेण्याचा क्रम सुरू झाला व तो वर्षभर चालला. ती इमारत मीं जातांयेतां पाहिली. आतां तेथें आयकराची कचेरी आहे, आणि गच्चीकडे मान वर करून पाहणारा त्या गर्दींत मी एकटाच होतों.

आतां दोष काय, तो म्हाताऱ्यानें समजाविला तसा सांगतों. त्यानें एका पुठ्ठ्यावर टांचणीनें तीन लाकडी पट्ट्या टोंचल्या. तीन पातीं सारख्या अंतरावर असतील तर त्यांच्या वजनाचा मध्य बरोबर आंसावर असतो. एक पातें अंमळ मागें राहिलें, दुसरें पुढें सरलें, कीं तो मध्य आंसावरून ढळला. मग तें चक्र आपल्या आंसास फिरत्या दिशेनें ओढूं लागतें. घरीं सूनबाईंच्या कपडे धुण्याच्या यंत्रांत ओली रजई एका बाजूस गोळा झाली म्हणजे तें यंत्र खोलीभर नाचतें. माझ्या आईच्या जात्याची मधली खीळ सैल झाली कीं वरची तळी अशीच भेलकांडे. येथवर मला पटलें. “पण रजई तेथेंच राहते,” म्हातारा म्हणाला, “पातीं तेथें राहत नाहींत.”

जमिनीवर टेकलेलें यंत्र खालच्या नळ्यांवर किंवा चाकांवर थोडें डुलूं शकतें, आणि त्या डुलण्याचा एक ठरलेला वेग असतो. बिजागरीवर मागेंपुढें हालणाऱ्या पात्याचाही स्वतःचा एक ठेका असतो. समजा, चक्र सेकंदास पांच फेरे घेतें आणि पात्याचा स्वतःचा झोका सेकंदास दीड आहे. तर वजनाचा ढळलेला मध्य जमिनीवरून पाहणाऱ्यास पांचांतून दीड वजा जातां, म्हणजे सेकंदास साडेतीन वेळां फिरतांना दिसेल. यंत्राचें धूडही सेकंदास साडेतीन वेळांच डुलणारें असेल, तर दोघांची गांठ पडली. ढळलेला मध्य धुडास ढकलतो. धूड कललें कीं आंस हालतो. आंस हालला कीं पातीं आणखी विस्कटतात. तीं विस्कटलीं कीं धक्का वाढतो. झोपाळ्यास झोका देणारा निदान बाहेर उभा असतो, आणि तो थकतो तरी. १८३१ सालीं मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथें शिपायांची तुकडी पाउलें जुळवून चालल्यानें पूल कोसळला, ती गोष्ट मी वर्गांत सांगत असें. तेथेंही शिपाई थांबले असते तर पूल वांचता. येथें धक्का देणारा व धक्का खाणारा एकाच देहांत आहेत, आणि फिरत्या चक्रांत साठविलेलें सारें बळ या कामीं खर्चीं पडतें. म्हणून एंजिन बंद केल्यानेंही तो थैमान एकदम थांबत नाहीं.

मग त्यानें एका पडद्यावर चिनूकच्या चांचणीचें चित्रण दाखविलें. यंत्र जमिनीवर उभें आहे, वरचीं चक्रें फिरत आहेत. तें किंचित् डोलतें. मग अधिक. मग पातीं एकमेकांत व धुडांत शिरतात आणि पहिल्या डुलण्यापासून मोजतां थोडक्याच सेकंदांत एवढ्या मोठ्या यंत्राचा लगदा होतो. नातीनें तें पूर्वीं पाहिलेलें असावें. ती पडद्याकडे न पाहतां माझ्याकडे पाहत होती. खरें सांगतों, त्या क्षणीं माझें मत चिरंजिवांच्या बाजूस पडलें.

“याचें निदान कोणीं केलें?” मीं विचारलें. कांहीं तरी बोलावयाचें म्हणूनच विचारलें.

निदान केलें तें रॉबर्ट कोलमन या गणितज्ञानें, व्हर्जिनिया संस्थानांत हॅम्प्टन येथील लँग्ले प्रयोगशाळेंत. ऑटोगायरोंस हा विकार जडत असे, परंतु पुष्कळांची समजूत अशी कीं वाऱ्याचा कांहीं तरी खेळ असावा. कोलमननें १९४३ सालीं दाखवून दिलें कीं वाऱ्याची येथें गरजच नाहीं. फिरतें चक्र, सैल बिजागऱ्या आणि खालीं डुलणारें धूड एवढ्यावर सारें घडतें. फाइनगोल्ड या सहकाऱ्यासह केलेलें तें सारें काम पुढें १९५८ सालीं एकत्र प्रसिद्ध झालें. १९४६ सालीं डॉइच नांवाच्या दुसऱ्या एका अभ्यासकानें त्यांतून कारखान्यांस उपयोगीं पडेल असें साधें गणित काढून दिलें. तें मला इतकें आवडलें कीं तें थोडक्यांत येथें देतों.

हालचाल जिरविणाऱ्या साधनास इंग्रजींत डँपर म्हणतात. आपण शामक म्हणूं. प्रत्येक पात्याच्या बिजागरीवर एक शामक असतो. तो घर्षणाचा, तेलाचा किंवा रबरासारख्या पदार्थाचा असतो. तसेच शामक खालच्या पायांतही असतात. आतां माझ्यासारखा भोळा मनुष्य म्हणेल कीं वरचे शामक चांगले दणकट घातले म्हणजे खालचे कसेही चालतील. तसें नाहीं. वरच्या शमनास खालच्या शमनानें गुणावयाचें असतें, बेरीज करावयाची नसते. आणि तो गुणाकार ठराविक मर्यादेच्या वर असावा लागतो. एक बाजू शून्य झाली तर दुसरी कितीही मोठी असो, गुणाकार शून्यच. इयत्ता तिसरीचें गणित. त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो हें मात्र माझ्या ध्यानीं या वयांत आलें.

या दोषापासून जवळजवळ मुक्त असें एक यंत्र त्याच कोठींत उभें होतें. बुडबुड्यासारखा कांचेचा गोल पुढें आणि मागें उघडा सांगाडा, तें बेल ४७. त्यास दोनच पातीं, आणि तीं तराजूच्या दांडीप्रमाणें एकत्र बांधलेलीं. मागेंपुढें सरण्याची बिजागरीच नाहीं, मग विस्कटणार कोठून? मार्च १९४६ मध्यें नागरी वापराचा दाखला मिळविणारें हें पहिलें हेलिकॉप्टर. तें ज्यानें रचलें त्या आर्थर यंगनें आपले नमुने येथून जवळच पाओली गांवीं एका धान्याच्या कोठारांत बसून तयार केले होते. हा गृहस्थ पुढें यंत्रें सोडून तत्त्वज्ञानाकडे वळला व विश्वाच्या स्वरूपावर त्यानें ग्रंथ लिहिले. असें एखादें उदाहरण भेटलें कीं आम्हां शास्त्रीमंडळींस उगाच बरें वाटतें.

“मग सगळींच यंत्रें दोन पात्यांचीं कां करीत नाहींत?” मीं विचारलें. अधिक पातीं असलीं कीं अधिक वजन उचलतां येतें आणि प्रवास कमी हादऱ्यांचा होतो, इतकेंच उत्तर मला कळलें. आजकाल बिजागऱ्या काढून टाकून लवचीक पातीं वापरणारीं यंत्रेंही पुष्कळ आहेत. परंतु पातें लवतें तेथें शमनाचा विचार सुटत नाहीं, आणि अशा कांहीं यंत्रांस हवेंतही या विकाराचा एक भाऊबंद भेटूं शकतो.

निघतांना म्हाताऱ्यानें नातीस बाजूस घेऊन धडा विचारला. मी उभा राहून ऐकत होतों. तो प्रश्न करी, ती उत्तर देई. अगदीं आमच्या पाठशाळेंतल्यासारखें. थरथर सुरू झाली आणि चक्र पूर्ण वेगांत असेल तर? “उचलायचें. लगेच.” कां? “जमीन सुटली कीं डुलायला आधार राहत नाहीं, आणि पातीं आपोआप जागेवर येतात.” चक्राचा वेग उतरलेला असेल तर? “उचलतां येणार नाहीं. दांडा तळाशीं, एंजिन बंद, चक्राचा ब्रेक.” आणि काय करायचें नाहीं? येथें ती थांबली. “थांबून पाहायचें नाहीं,” तो म्हणाला. शनिवारीं तिनें तेंच केलें होतें. आतां स्थिर होईल, म्हणून ती वाट पाहत राहिली होती.

पुढल्या आठवड्यांत त्या शाळेच्या मिस्त्रीनें यंत्र उघडून पाहिलें. शाळेचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. त्या यंत्राचीं तीन पातीं मिनिटास साडेचारशेंच्या सुमारास फिरतात, आणि खालच्या पायांत चार शामक असतात. पात्यांवरील एक शामक ढिला झालेला निघाला आणि पायांतील एकाचा दाब उतरलेला. दोन्हीकडे थोडथोडी उणीव. निराळी पाहिली असती तर कोणाच्या डोळ्यांत भरली नसती. दोन्ही बदलले. चिरंजिवांनीं तो कागद दोनदां वाचला. त्यांचा राग यंत्रावरून शाळेवर गेला, आणि मला वाटतें तो तेथें गेला हें योग्यच झालें. मग ते म्हणाले, “नाना, तुम्ही अजून सांगितलें नाहीं.”

मीं सांगितलें तें असें. भीति मलाही वाटते, आणि तें चित्रण पाहिल्यापासून अधिक वाटते. पण तिला धडा पाठ आहे. उडण्यापूर्वीं ते शामक ती स्वतः हात लावून पाहणार असेल, तर मी ‘नको’ म्हणणार नाहीं. चिरंजीव उठून गेले. होय म्हणाले नाहींत, आणि नाहींही म्हणाले नाहींत.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यांत, मेपलचीं झाडें शेंदरी झालीं होतीं अशा एका थंड सकाळीं, मी व सौभाग्यवती मैदानाच्या कुंपणाशीं उभीं होतों. नातीनें यंत्राभोंवतीं फिरून एकेक पातें हातानें मागेंपुढें हालवून पाहिलें. प्रत्येकाचा अडसर सारखाच लागतो कीं नाहीं याचा अंदाज ती घेत होती. मग खालीं वाकून चारही पाय पाहिले. तेवढ्यास तिला पाव तास लागला. चिरंजीव मोटारींतच बसून राहिले होते. एंजिनाचा आवाज झाल्यावर ते येऊन आमच्या मागें उभे राहिले.

यंत्र गेलें, झाडांवरून दिसेनासें झालें आणि चाळीस मिनिटांनीं परत आलें. उतरतांना हातभर उंचीवर तें बराच वेळ तरंगत राहिलें. डावी नळी टेकली. उजवी टेकली. मी नकळत अंक मोजूं लागलों होतों. सौभाग्यवतीनें माझा कोट धरला होता. यंत्र एकदां हललें आणि स्थिर उभें राहिलें. आवाज उतरत गेला, पातीं निराळीं दिसूं लागलीं, मग थांबलीं.

नात उतरून एका पात्यास पट्टा अडकवून तो शेपटीशीं बांधूं लागली. वारा असल्यानें तिला एकटीस तें जमेना. चिरंजीव कुंपणाचें फाटक उघडून आंत गेले व पट्ट्याचें दुसरें टोंक त्यांनीं धरलें.